पेडल जड कधीपासून झाले?



आमच्या मंडळीच्या जुन्या जीपचे क्लच पेडल यंदाच्या पावसाळ्यात दोनदा तुटले. पहिल्यांदा तुटले तेव्हा आम्ही ते जोडून घेतले आणि विसरून गेलो. दुसऱ्यांदा तुटले तेव्हा एका मिस्त्रींनी आम्हाला एक साधा प्रश्न विचारला. प्रश्न गाडीबद्दलच होता, पण घरी पोहोचेपर्यंत तो आमच्या मंडळीबद्दलचा होऊन बसला. त्या प्रश्नाची हकिगत आज तुम्हाला सांगतो, आणि त्यावरून आमचे जे मत झाले आहे तेही मांडतो. काहींना ते पटणार नाही. आम्हालाही सुरुवातीला ते जड गेले.

ज्यांनी ही जीप पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. उंच बॉनेटची, पुढे दोन गोल दिवे असलेली महिंद्राची पेट्रोल जीप. अमेरिकेतल्या विलीज कंपनीने १९५३ साली हे मॉडेल काढले. त्यात बसवलेले नवे इंजिन आधीच्यापेक्षा उंच होते, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. तीच जीप महिंद्राने विलीजच्या परवान्याने आपल्या देशात वर्षानुवर्षे बनवली. आमच्या वाडवडिलांनी ती जुनीच विकत घेतली होती. खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत उपासनेला जायचे, आजाऱ्यांना बेळगावच्या दवाखान्यात आणायचे, नाताळात कॅरल गाणाऱ्या मुलांना घरोघर फिरवायचे, ही सगळी कामे तिने केली. पुढचे गिअर तीनच, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. त्यामुळे क्लच नीट दाबल्याशिवाय ही गाडी गिअर घेत नाही.

क्लच म्हणजे काय हे गाडी न चालवणाऱ्यांना सांगायला हवे. इंजिन सतत फिरत असते. त्याची ताकद चाकांकडे नेणारा दुवा म्हणजे क्लच प्लेट. प्रेशर प्लेटच्या मजबूत स्प्रिंगा तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात, म्हणून दोन्ही एकत्र फिरतात. गिअर बदलताना हा दुवा क्षणभर सोडवावा लागतो. आपण पेडल दाबतो. गाडीखाली एक दांडी सरकते, तिच्यामुळे फोर्क हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकते आणि प्लेट सुटते. पाय उचलला की पुन्हा सगळे जुळते. शहरातून एक फेरी मारून येईपर्यंत हे शेकडो वेळा होते, आणि प्रत्येक वेळी पहिला भार येतो तो पेडलवर. आमच्या जीपमध्ये पेडल वरून लोंबत नाही. ते फळीतल्या फटीतून वर आलेले असते आणि त्याचे मूळ खाली चासीजवळच्या एका शाफ्टवर बसवलेले असते. पाय ठेवायची चकती सगळ्यांना दिसते. मूळ कोणालाच दिसत नाही, आणि चिखल मात्र थेट तिथेच उडतो.

जुलैतल्या एका रविवारी खानापूरच्या पलीकडच्या खेड्यातली उपासना आटोपून आम्ही सातजण परतत होतो. चढावर गिअर बदलताना खाडकन आवाज झाला आणि ड्रायव्हरकाकांचा पाय फळीवर आदळला. पेडलचा दांडा फळीच्या खाली, वाकणाच्या जागी, तुटला होता.

क्लच नसला तरी गाडी अगदीच चालत नाही असे नाही. काकांनी इंजिन बंद केले, लो रेंज लावली, पहिला गिअर टाकला आणि स्टार्टर मारला. गाडी हिसका देऊन निघाली. मग इंजिनाचा वेग कानाने ओळखत, अॅक्सिलरेटर सोडत, एकेक गिअर त्यांनी जुळवून घेतला. जमले तेव्हा जमले, नाही तेव्हा दाते करकर वाजत होते आणि मागे बसलेल्या बायका प्रत्येक वेळी “प्रभू येशू!” म्हणत होत्या. २५ किलोमीटरच्या त्या प्रवासात गाडी चालली खरी, पण आम्ही सगळेच घामाघूम झालो.

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगवाल्याकडे पेडल नेले. त्याने अर्ध्या तासात जोडून दिले, वर पाणी ओतून थंड केले आणि हातात ठेवले. आम्हीही खूश झालो, कारण पुढच्या रविवारी गाडी हवी होती. तीन आठवड्यांनी पेडल पुन्हा तुटले. जोड शाबूत राहिला, तुटले ते त्याला चिकटून असलेले लोखंड.

या वेळी कोणीतरी उद्यमबागेतल्या एका वयस्कर मिस्त्रींचे नाव सुचवले. उद्यमबाग म्हणजे आपल्या बेळगावचा कारखान्यांचा भाग. फाउंड्री, लेथ, हायड्रॉलिक्स, तिथे लोखंडाची भाषा जाणणारी माणसे पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा आपल्या मंडळीतले नाहीत, ख्रिस्तीही नाहीत. त्यांनी तुटलेले दोन्ही तुकडे हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि वेल्डिंगविषयी काही न बोलता विचारले,

“पेडल जड कधीपासनं झालंय?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. काका म्हणाले, “जडच आहे की ते. पहिल्यापासून जड.”

“पहिल्यापासून कसं असंल? कंपनीनं माणसासाठी केलंय, हत्तीसाठी न्हवं.”

मग काका विचार करून म्हणाले, “पाचसहा वर्षं झाली असतील. हळूहळू जड होत गेलं. मला सवय झाली.”

ही गोष्ट खरी होती आणि आम्हाला ती माहीत होती. तरुण मुलांनी कधी ती जीप चालवायला घेतली की दोन चौकांतच त्यांचा डावा पाय भरून यायचा. तेव्हा आम्ही हसत म्हणायचो, “काकांच्या पायात काय ताकद आहे बघा!” पेडल जड आहे ही तक्रार आमच्या तोंडून काकांचे कौतुक होऊन बाहेर पडत होती.

मामांनी आम्हाला तुटलेला भाग दाखवला. पहिल्यांदा तुटलेल्या जागेचा निम्म्याहून जास्त भाग काळपट आणि गंजलेला होता, आणि उरलेला भाग चकचकीत, दाणेदार. काळा भाग म्हणजे जुनी चीर. वाकणाजवळ केसाएवढी सुरू झालेली चीर प्रत्येक दाबाबरोबर किंचित पुढे सरकत होती, आणि आत शिरणारे पाणी तिला गंजवत होते. चकचकीत भाग म्हणजे जुलैतल्या त्या संध्याकाळपर्यंत सगळा भार एकट्याने धरून राहिलेले लोखंड. तुटल्याचा आवाज आम्ही त्या दिवशी ऐकला. तुटणे मात्र कितीतरी पावसाळ्यांपूर्वी सुरू झाले होते.

मग ते गाडीखाली गेले. पेडलचे मूळ ज्या शाफ्टवर फिरते ती जागा त्यांनी हाताने हलवून पाहिली. ती हलेना. हातोडीने ठोकून शाफ्ट बाहेर काढावा लागला. आतला बुश कोरडा ठणठणीत, एका बाजूने झिजून लंबगोल झालेला आणि बाकी जागी गंजाने धरलेला.

काका अस्वस्थ झाले. “दर महिन्याला ग्रीस मारतो मी,” ते म्हणाले, आणि ते खोटे बोलत नव्हते. निपलच्या भोवती ग्रीसचा जुना-नवा थर साचलेला आम्हा सगळ्यांना दिसत होता. मामांनी बुश पुसला आणि बोटाने दाखवले. ग्रीस आत जायला बुशला एक भोक असते, आणि ते निपलच्या बरोबर समोर यावे लागते. मागे कधीतरी बुश बदलणाऱ्याने तो फिरवून बसवला होता. भोक एकीकडे, निपल दुसरीकडे. ग्रीसगन दर महिन्याला चालत होती आणि सगळे ग्रीस बाहेरच्या बाहेर येत होते. जिथे हवे तिथे एक थेंबही पोहोचला नव्हता.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. पाहायला आमच्यापैकी काहीजण थांबलो होतो. मामांनी आधीचे वेल्डिंग ग्राइंडरने पूर्ण काढून टाकले. रॉकेलने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून लोखंड स्वच्छ केले. रंगावर आणि तेलावर केलेला जोड धरत नाही. तुटलेल्या कडा दोन्ही बाजूंनी तिरक्या घासल्या, म्हणजे दोन तुकडे एकत्र ठेवले की मध्ये खाच तयार होते आणि भर तळापर्यंत जाते. आधीच्या माणसाने फक्त वरून लेप दिला होता. ब्रेकच्या पेडलशी माप जुळवून तुकडे शिकंज्यात धरले. मग गॅसच्या ज्योतीने दोन्ही बाजूंचे लोखंड सावकाश तापवले आणि कोरड्या ठेवलेल्या रॉडने थोडे या बाजूने, थोडे त्या बाजूने, असे वेल्डिंग केले. झाल्यावर पेडल कोरड्या राखेत पुरून ठेवले. आम्ही घाई केली तेव्हा म्हणाले, “पाणी ओतलं की लोखंड कडक होतंय आणि काचेगत तुटतंय. तेच तर झालंय तुमचं. संध्याकाळपतूर राखेतच राहू दे.”

संध्याकाळी जोड घासून गुळगुळीत केला, कारण खरखरीत कडेवरच नवी चीर सुरू होते. शेवटी त्यांनी जोडावर रॉकेल लावले, थोड्या वेळाने कोरडे पुसले आणि वर खडूची पूड चोळली. कुठे बारीक चीर राहिली असेल तर तिच्यात मुरलेले रॉकेल वर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. रेघ उमटली नाही. तेव्हा ते म्हणाले, “क्लचचं म्हणून जोडून दिलं. ब्रेकचं असतं तर दुसरंच घाला म्हणालो असतो.” लेथवर गनमेटलचा नवा बुश काढून घेतला होता. तो बसवताना भोक निपलसमोर आले आहे हे त्यांनी काकांना वाकून बघायला लावले. पेडलचा मोकळा खेळ सुमारे एक इंच ठेवला. तेवढी मोकळीक नसेल तर पाय उचललेला असतानाही बेअरिंग बोटांना घासत राहते आणि लवकरच जळून जाते.

इथपर्यंत गाडीची गोष्ट झाली. आता आमची.

याच वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी, शब्बाथ शाळा १७ वर्षे चालवणाऱ्या आमच्या बाईंनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, “आता माझ्याच्यानं होत नाही,” एवढेच म्हणाल्या आणि घरी गेल्या. पंचकमिटीच्या बैठकीत त्यावर बोलणे झाले. बाईंचे वय झाले, असे एकजण म्हणाला. कोणाचे तरी बोलणे मनाला लागले असेल, असे दुसऱ्याला वाटले. त्यांचे प्रार्थनाजीवन थंड झाले असावे, असेही एकाने हळूच सुचवले. पंधरा मिनिटांत विषय संपवून आम्ही एका तरुण मुलीला ते काम दिले, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि पुढच्या विषयाकडे वळलो. ऑगस्टमध्ये त्या मुलीनेही यायचे थांबवले. अगदी त्याच आठवड्यांत पेडल दुसऱ्यांदा तुटले होते.

मामांचा प्रश्न ऐकला नसता तर आम्ही तिसरी व्यक्ती शोधली असती. तो ऐकल्यावर मात्र आमच्यापैकी दोघी बाईंच्या घरी गेल्या, आणि परत या असे म्हणण्याऐवजी त्यांनी एवढेच विचारले, “बाई, हे काम तुम्हाला जड कधीपासून झालं?”

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एकेक गोष्ट सांगू लागल्या, आणि एकही गोष्ट मोठी नव्हती. पाचसहा वर्षांपूर्वी गायनमंडळाचा सराव त्यांच्या खोलीत सुरू झाला, तेव्हापासून मुलांना घेऊन त्या व्हरांड्यात बसायच्या आणि पावसाळ्यात जिन्याखाली. खडू, रंगपेट्या, झेरॉक्स यांचे पैसे आधी स्वतः घालायचे, मग बिले द्यायची, मग त्या बिलांबद्दल खजिनदारांच्या शंकांना उत्तरे द्यायची. दोन वर्षांपासून त्यांनी बिले देणेच सोडले होते. उपासना संपल्यावर आईवडील अंगणात गप्पा मारत थांबायचे, त्यामुळे शेवटचे मूल हातात देईपर्यंत दुपारचे दीड वाजायचे. आणि शेवटी त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी, की शाळा उपासनेच्या वेळीच भरत असल्यामुळे १७ वर्षांत बहुतेक रविवारी त्यांनी उपदेश ऐकलाच नव्हता. प्रभुभोजनाचा रविवार तेवढा त्यांच्या वाट्याला यायचा.

दरवर्षी बालदिनाच्या उपासनेत आम्ही त्यांचा सत्कार करत होतो. शाल द्यायचो, पुष्पगुच्छ द्यायचो, टाळ्या वाजवायचो, “बाईंच्या श्रद्धेला तोड नाही,” असे माईकवरून सांगायचो. ते मनापासूनच होते. निपलभोवती साचलेले ग्रीसही काकांनी मनापासूनच मारलेले होते. पण ज्या स्त्रीला दर रविवारी देवाच्या वचनाची गरज होती तिला आम्ही वर्षातून एकदा शाल देत होतो.

म्हणून आमचे मत असे झाले आहे. मंडळीत एखादा सेवक किंवा सेविका तुटून पडते तेव्हा दोष तिच्यात शोधायची आपली सवय चुकीची आहे, आणि तिच्या जागी लगेच दुसऱ्याला बसवायची सवय त्याहून चुकीची आहे. काम जड का झाले हे कळेपर्यंत ती जागा रिकामी राहू द्यावी. मुलांचे नुकसान होईल, असे कोणी म्हणेल. आमच्याकडे सहा आठवडे शब्बाथ शाळा बंद राहिली. मुले आईवडिलांजवळ उपासनेत बसली, गडबड केली, पाळकसाहेबांना उपदेश आवरता घ्यावा लागला. तेवढे आम्ही सोसले, आणि सोसायला हवेच होते. कारण इतकी वर्षे ती गडबड कोण एकट्याने सांभाळत होते हे तेव्हा सगळ्यांच्या कानांना कळले.

पवित्र शास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसतो. त्याचा सासरा इथ्रो भेटीला आला आहे. तो इस्राएलातला नाही, मिद्यानाचा याजक आहे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या लक्षात येते की हे बरे चाललेले नाही, मोशेही झिजेल आणि लोकही थकतील. मोशेभोवती हजारो इस्राएली होते. त्यांच्यापैकी कोणी हे बोलल्याचे तिथे लिहिलेले नाही. कदाचित तेही म्हणत असतील, “मोशेच्या अंगात काय ताकद आहे बघा!” जवळच्यांना सवय झालेली असते, म्हणून पुष्कळदा बाहेरच्याच माणसाला दिसते. आमच्यासाठी मामा इथ्रोसारखे आले. आणि मोशेचा मोठेपणा हा, की त्याने सासऱ्याचे ऐकले.

इथ्रो मोशेला काम सोडायला सांगत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. कठीण प्रकरणे मोशेकडेच राहतात. बाकीचा भार वाटला जातो. क्लचच्या स्प्रिंगा मजबूतच हव्यात. त्या सैल झाल्या तर प्लेट घसरते आणि इंजिन नुसते ओरडत राहते. पेडलला थोडे वजन असायचेच. मामांनी स्प्रिंगांना हात लावला नाही. त्यांनी फक्त मुळाशी धरलेला गंज काढला. सेवेलाही वजन आहे. मुलांना वचन शिकवणे, आजाऱ्याजवळ रात्र काढणे, मयताच्या घरी पहिल्यांदा पोहोचणे, हे हलके काम नव्हे आणि ते हलके व्हावे असे आम्ही म्हणत नाही. पण व्हरांड्यातला पाऊस, खजिनदारांच्या शंका आणि अंगणातल्या गप्पा हे सेवेचे वजन नव्हते. तो आमचा गंज होता. मत्तयाच्या ११व्या अध्यायात प्रभू भाराक्रांतांना बोलावतो तेव्हा जू काढून टाकीन असे म्हणत नाही. तो स्वतःचे जू देतो, आणि ते सोयीचे असल्याचे सांगतो. शेतकऱ्याला विचारा. बैलाच्या खांद्याला बेताचे घडवलेले जू आणि खांदा सोलवटणारे जू यांच्यातला फरक तो लगेच सांगेल. ओझे तेच असते.

आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ बंधूंनी हरकत घेतली. ते म्हणाले, “सेवा म्हणजे क्रूस आहे. आपापला क्रूस उचलायचा असतो. अशी कारणे काढत बसलो तर उद्या कोणी झाडूही हातात घेणार नाही.” त्यांच्या बोलण्यातला खरेपणा आम्ही नाकारत नाही. त्यांनी स्वतः आयुष्यभर मंडळीसाठी खस्ता खाल्ल्या आहेत. पण ख्रिस्तासाठी आपणहून उचललेले दुःख आणि दुसऱ्यांच्या बेफिकिरीमुळे खांद्यावर येऊन पडलेला भार, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाईंनी पहिला आनंदाने उचलला होता. दुसरा आम्ही त्यांच्यावर टाकला आणि वर त्याला क्रूस म्हणालो. आपल्या निष्काळजीपणाला क्रूसाचे नाव देणे हे क्रूसाचाही अपमान करण्यासारखे आहे.

तुटलेल्या माणसाशी कसे वागावे, याबद्दलही एक सांगावेसे वाटते. एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे, अध्याय १९), तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, कामाची आठवण देत नाही. तो त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. देवाचा प्रश्न पुढे, होरेब डोंगरावर येतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी एलीयाला अलीशा सोबतीला मिळतो. आपण मात्र तापलेल्या लोखंडावर पाणी ओततो. “या रविवारी येताय ना?” असा फोन करतो. आपल्याला पुढच्या रविवारची काळजी असते.

आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो, म्हणजे नुसते बोलून थांबलो असे होणार नाही. गायनमंडळाचा सराव शनिवारी संध्याकाळी नेला, खोली मुलांना परत मिळाली. शब्बाथ शाळेसाठी दर तिमाहीला ठरावीक रक्कम आधीच हातात द्यायची, हिशेब नंतर. खजिनदारांनी बाईंची जुनी बिले स्वतः मागून घेतली आणि चुकती केली. शाळा उपासनेआधी भरते. शिकवायला आता चारजण आहेत, दोघेदोघे आळीपाळीने, आणि महिन्यातून एक रविवार प्रत्येकाला पूर्ण मोकळा. तो एक इंचाचा मोकळा खेळ आम्ही नियमातच लिहून टाकला. ऑगस्टमध्ये सोडून गेलेली ती मुलगी या चौघांत आहे. तिची आम्ही वेगळी क्षमा मागितली, कारण गंजलेल्या बुशवर आम्ही तिला जाणूनबुजून नसले तरी चढवलेच होते. आणि पंचकमिटीच्या प्रत्येक बैठकीत प्रार्थनेनंतरचा पहिला विषय आता हाच असतो: कोणाचे काम जड झाले आहे? पहिल्या बैठकीत कोणीच बोलले नाही. दुसऱ्या बैठकीत, चर्चची झाडलोट करणाऱ्या भाऊंचा निरोप पाळकसाहेबांनी वाचून दाखवला. पाण्याचा नळ वर्षभर बंद होता आणि ते दोन गल्ल्या पलीकडून बादल्या आणत होते. आमच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हते.

बाई परत शिकवायला आलेल्या नाहीत. आम्ही सगळे त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, आम्हाला माफ केले आणि म्हणाल्या, “तुम्ही आलात, बरं वाटलं. पण मला आता नुसतं उपासनेला येऊन बसायचंय.” हे ऐकून आमच्यापैकी काहींना वाईट वाटले. दुरुस्ती नीट झाली असती तर त्या परत आल्या असत्या, असे मनात आले. पण हा हिशेब आमचा होता. त्या उजवीकडच्या चौथ्या बाकावर बसतात, पवित्र शास्त्र उघडून मांडीवर ठेवतात आणि उपदेश शेवटपर्यंत ऐकतात. मामा म्हणाले होते तसे, राखेतल्या लोखंडाला किती वेळ लागेल हे घाईच्या माणसाने ठरवायचे नसते. त्या कधीच परत आल्या नाहीत तरी तो बाक त्यांच्या हक्काचा आहे.

जीप मात्र रस्त्यावर आहे. पहिले काही दिवस काकांना त्रास झाला. सवयीने ते पूर्ण जोर लावायचे आणि पेडल धाडकन खाली जायचे. मग स्वतःशीच हसायचे. एकदा खानापूरहून येताना ते म्हणाले, “इतकं हलकं असतं होय हे! मी उगाचच इतकी वर्षं दाबत होतो.”

तुमच्याही मंडळीत असा कोणीतरी असेल. त्याच्या ताकदीचे कौतुक तुम्ही दर रविवारी करत असाल. या आठवड्यात त्याच्याकडे जा, आणि कौतुकाऐवजी हा एक प्रश्न विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्यात जे मुकाट्याने भार वाहतात त्यांना तू ओळखतोस. त्यांचा भार आम्ही वाढवला असेल तर आम्हाला क्षमा कर. विचारायची लाज आणि ऐकायची भीती आमच्यातून काढून टाक. जे थकून बसले आहेत त्यांना भाकर, पाणी आणि विसावा दे, आणि त्यांच्या सोबतीला माणसे पाठव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.